मदत हवी आहे: शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नाही

नमस्कार ताई-दादांनो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे मी. मुलींचा वेगळा संडास आहे, पण कडी तुटलेली, टाकी फुटलेली, आणि मार्च लागला की बोअर आटते. माझी पुतणी सातवीत आहे. शाळेत संडासाला जायची वेळ येऊ नये म्हणून पोरगी सकाळपासून पाणीच पीत नाही. आपल्याकडच्या उन्हात! पाळीचे चार दिवस तर घरीच. जीव तुटतो हो पाहून.

शिक्षण हक्क कायद्यात (2009) मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची आहेत. 15व्या वित्त आयोगानं (2021-26) ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी-स्वच्छतेसाठी बंधित ठेवला. त्यातून कुणी शाळेचं काम करून घेतलं आहे का? ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहिलं? दुरुस्ती होईलही, पण रोज धुणार कोण, त्याचे पैसे कुठून द्यायचे, इथंच आमचं अडतं. वापरलेल्या पॅडचं तुम्ही काय करता, खड्डा की भट्टी? उन्हाळ्यात पाणी कसं पुरवता?

मंजूर ठरावाचा फोटो असेल तर कृपया टाका. ग्रामसभा जवळ आली आहे.