मदत हवी आहे: एमएस्सी गणितात झालीय, पीएचडी मात्र गणित, कंप्युटिंग आणि खाडी तिन्ही धरून करायचीय

खाजनवाली:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज, कारण फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत आणि घरात रोज हाच विषय चाललाय.

मी दिवाडीची. गणितात एमएस्सी झाली, सध्या एका हायर सेकंडरीत लेक्चर बेसिसवर शिकवते. डिझर्टेशनला शॅलो वॉटर इक्वेशन्स, म्हणजे उथळ पाणी कसं वाहतं त्याची समीकरणं, घेतली होती आणि उदाहरण म्हणून आमच्या वाड्याच्या खाली जे खाजन आहे त्याची मानस घेतली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं दार. भरती चढायला लागली की नदीच्या पाण्याच्या दाबानेच लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी तीच दारं ढकलून बाहेर पडतं. आता हे गणितात मांडायला बसलं की खरी मजा कळते, कारण इथे बाउंडरी कंडिशन (कडेला पाण्याचं काय होतं ते सांगणारी अट) एका दिशेने भिंत आणि दुसऱ्या दिशेने उघडी, आणि कुठल्या क्षणी कुठली लावायची ते आतबाहेरच्या पाण्याच्या पातळीवर ठरणार, म्हणजे जे उत्तर काढायचंय त्याच्यावरच! मी यात अक्षरशः बुडून गेले होते आणि अजून बाहेर आलेली नाही.

मला पुढे हेच करायचंय. मांडवी, झुआरी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवा, तिथे भरती कशी आत शिरते, उन्हाळ्यात खारं पाणी कुठवर चढतं, बांध फुटला तर शेतात किती वेळात काय होतं. त्याला पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) लागतात, न्यूमेरिकल ॲनालिसिस म्हणजे आकड्यांनी जवळपासचं उत्तर काढायचं गणित लागतं, पॅरलल म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर चालणारा कोड लिहिता यावा लागतो आणि नदीची खरी मोजमापं लागतात. पण विचारायला गेलं की गणितवाले म्हणतात यात थिअरम कुठाय, समुद्रवाले विचारतात फ्लुइड मेकॅनिक्स शिकलीयस का, आणि कंप्युटरवाल्यांना गेट या प्रवेश परीक्षेचा, तोही कंप्युटर सायन्सचा, स्कोअर हवा. तर माझ्यासारखीने नेमक्या कुठल्या डिपार्टमेंटचं दार ठोठवायचं? परीक्षा कुठली द्यायची? आणि गोव्यात राहून हे होईल का, कारण बाबांची तब्येत बघता फार लांब जायचं मन होत नाही.

खारवारा:

तुझ्या वयाची मुलगी आहे मला म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. बरीच वर्षं किनाऱ्याच्या मॉडेलिंगमध्ये काढलीत.

आधी त्या थिअरमवाल्यांचं. मॉडेल चालवताना टाइमस्टेप, म्हणजे एका हिशेबात वेळ किती पुढे न्यायची, किती घ्यायचा हे ज्या अटीवर ठरतं ती कुरान, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 साली दिली, आणि तो पेपर कंप्युटरसाठी नव्हताच, पीडीईला उत्तर असतं हे सिद्ध करायला लिहिलेला शुद्ध गणिताचा पेपर होता. तुझ्याच खाडीत बघ. 5 मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला साधारण 7 मीटर धावते. ग्रिड, म्हणजे हिशेबासाठी पाण्यावर आखलेले चौकोन, 50 मीटरची असेल तर साध्या एक्स्प्लिसिट स्कीमला (मागच्या क्षणावरून थेट पुढचा क्षण काढणारी पद्धत) 7 सेकंदांपेक्षा मोठा स्टेप झेपत नाही. मानशीजवळ नीट दिसावं म्हणून सगळी ग्रिड 5 मीटरची केलीस की स्टेप 0.7 सेकंदावर आला आणि चौकोन शंभरपट झाले, म्हणजे एकूण काम हजारपट. मग फक्त मानशीपाशीच ग्रिड बारीक करायची का, तिथे वेगळा स्टेप लावायचा का, दोन्हींच्या सांध्यावर पाणी हरवत तर नाही ना, हे प्रश्न आले. ते ना नुसत्या कोडिंगवाल्याला सुटतात ना नुसत्या समुद्रवाल्याला, म्हणून तू जे मागतेयस ते अगदी रास्त आहे.

आता कुठे. गोव्याइतकी सोय छोट्या राज्यात क्वचितच असेल. दोना पावलला एनआयओ ही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मांडवी-झुआरीच्या भरतीवर तिथे पूर्वीपासून काम झालंय, पीएचडी ॲकसिरमधून, म्हणजे सीएसआयआरच्या संस्थांना जोडलेल्या अकादमीतून, होऊ शकते. ताळगाव पठारावर विद्यापीठात गणितही आहे आणि समुद्रविज्ञानही. फर्मागुडीला आयआयटी, झुआरीनगरला बिट्स. माझं ऐकशील तर डिपार्टमेंटच्या पाटीपेक्षा दोन गाइड शोध, एक न्यूमेरिकल ॲनालिसिसचा आणि एक नदी-समुद्राचा, आणि दोघं आधीपासून एकमेकांशी बोलतात ना ते बघ. सगळं तिथेच ठरतं. नाहीतर चौथ्या वर्षी एक म्हणतो आणखी डेटा आण आणि दुसरा म्हणतो आणखी प्रूफ आण, आणि मुलगी मधल्या मध्ये भरडली जाते. असं डोळ्यांनी पाहिलंय म्हणून तळमळीने सांगतोय.

परीक्षा म्हणशील तर गेटचा एक्सई पेपर बघ, त्यात इंजिनिअरिंग मॅथ्स सक्तीचं आणि बाकी दोन सेक्शन आपल्या आवडीचे, तू फ्लुइड मेकॅनिक्स आणि ॲटमॉस्फेरिक अँड ओशनिक सायन्सेस घे. फ्लुइड शिकलीयस का, याला आपसूक उत्तर मिळेल.

सातेरी_म्हापसा:

वरचं सगळं पटलं, फक्त एक गोष्ट कोणी बोलत नाही ती बोलते, नोकरीची. पुढे कॉलेजात लागायचं असेल तर जाहिरातीत संबंधित विषय असं लिहिलेलं असतं आणि छाननीत तुमचा मास्टर्स आणि नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा) कशात आहे ते बघतात. पीएचडीचं नाव आंतरविद्याशाखीय काहीतरी असलं की तिथे समजावत बसावं लागतं. म्हणून गणिताची सीएसआयआर नेट सोडू नका. त्यातून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000 स्वतःची फेलोशिप, मग गाइडकडे प्रोजेक्टचे पैसे आहेत की नाहीत यावर तुमचा विषय अडत नाही. पुणे विद्यापीठ घेतं ती सेटसुद्धा महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींना चालते, तीही देऊन ठेवा.

मोडभाषा:

मी बेंगळुरूला याच वाटेवर आहे, मीही गणितातूनच आलो. इथे आयआयएस्सीत कंप्युटेशनल अँड डेटा सायन्सेस असं वेगळं डिपार्टमेंट आहे, टीआयएफआरचं कॅम हे उपयोजित गणिताचं केंद्र आहे जिथे पीडीईचं भक्कम काम चालतं, आणि सीएसआयआरची फोरपीआय ही मॉडेलिंगची संस्था आहे, जिचं आधीचं नाव सी-मॅक्स. बाहेर बघायचं तर हायडेलबर्गला सायंटिफिक कंप्युटिंगचं आंतरविद्याशाखीय केंद्र 1987 पासून आहे, आणि जर्मनीत पीएचडी बहुतेकदा पगारी नोकरीच असते. पण बाबांचं लिहिलंत म्हणून आग्रह करत नाही.

कुठेही गेलात तरी पहिल्या वर्षाचं कोर्सवर्क नीट विचारा. न्यूमेरिकल लिनिअर अल्जेब्रा, पीडीईचं न्यूमेरिक्स आणि एमपीआयसकट (प्रोसेसरांना आपसात डेटा पाठवू देणारी पद्धत) पॅरलल प्रोग्रॅमिंग हे तीन मिळत नसतील तर पुढे रात्री जागून एकट्याने शिकावं लागतं. फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा बघून घाबरू नका, समुद्राची मोठी मॉडेल्स अजून त्यातच आहेत.

आणि गोव्यातून हे करताना बिचकायचं कशाला? दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यातच जन्मले. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण 1943 च्या त्यांच्या पेपरमधला विस्तार पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने गाजला, आणि आज अवाढव्य सिम्युलेशनमधून मोजकेच मोड (मुख्य आकृतिबंध) काढून मॉडेल आटोपशीर करताना तोच वापरतात. मी तो रोज वापरतो आणि दर वेळी अभिमान वाटतो.

खाजनवाली:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. खारवारा काका, राग कसला, तो हजारपटीचा हिशेब वहीत उतरवून ठेवलाय. फेब्रुवारीच्या गेटला एक्सई भरते आणि गणिताची नेटही देते. आधी गोव्यातच दोन गाइड जुळतात का बघते, नाहीच जुळले तर बेंगळुरू.

आता मेल लिहायला बसलेय. त्यात कोडची लिंक द्यावी की डिझर्टेशन जोडावं?

खारवारा:

पहिल्या मेलला डिझर्टेशन नको, नुसती कोडची लिंकही नको. दोन पानी टिपण कर, त्यात मानशीची आकृती, भरती-ओहोटीच्या वेळच्या आतबाहेरच्या पातळीचा एक ग्राफ, आणि तुझं मॉडेल कुठे अडलं ते स्पष्ट लिही. लिंक शेवटी एका ओळीत. आणि दोन्ही गाइडना एकच मेल पाठव, दोघांची नावं वर दिसू देत.