क्रिटा : डावखुऱ्याने पॅनल कुठे लावावेत? लेयर्सचा पॅनल सारखा मागे जातो

गोदाकाठ_जलरंग (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. मी निवृत्त कलाशिक्षक. नोकरीभर एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं तयार केली आणि सुट्टीच्या पहाटे गोदाघाटावर बसून जलरंग केले. आता पायऱ्यांवर तास-दोन तास बसणं पाठीला झेपत नाही, म्हणून मुलीने पेन टॅबलेट आणून दिला. बिनस्क्रीनचा, सहा बाय चार इंचांचा. लॅपटॉप जुना आहे, स्क्रीन १३६६ बाय ७६८. क्रिटा ५ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो.

उजवीकडे एकाखाली एक पाच पॅनल लावले होते : रंग, ओव्हरव्ह्यू (अख्खं चित्र लहान करून दाखवणारा), लेयर्स (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), ब्रश प्रीसेट्स (तयार ब्रशची यादी), टूल ऑप्शन्स (हातातल्या टूलच्या निवडी). त्यानंतर क्रिटाची खिडकीच स्क्रीनपेक्षा उंच झाली आणि खालची पट्टी टास्कबारच्या मागे गेली. खिडकी लहान करायला जावं तर होत नाही. मग लेयर्सचा पॅनल ब्रशच्या पॅनलवर टाकला. दोघांचे टॅब झाले, खिडकी मावली.

पण त्याने वेगळंच नुकसान झालं. मी पुरातला दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदापात्रातली मारुतीची उंच मूर्ती, काढतोय. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुराची पेन्सिल टिपणं जुन्या वहीत होती, त्यावरून. आकाश, नारोशंकराचं देऊळ, मारुती आणि पाणी असे चार लेयर. समोर ब्रशचा टॅब उघडा, लेयर्स त्याच्या मागे. दीड तास गढूळ पाण्याचे वॉश दिले आणि मग कळलं की सगळं पाणी मारुतीच्याच लेयरवर पडलंय. अनडू करत मागे गेलो, पण पुरेसं मागे जाता आलं नाही. कमरेपर्यंतचा मारुती पुसून पुन्हा काढावा लागला.

माझे प्रश्न असे. एवढ्या लहान स्क्रीनवर कोणता पॅनल उघडा ठेवायचा, कोणता झाकायचा? मी डावखुरा आहे, तर सगळे पॅनल डावीकडे आणावेत का? शिकवणीच्या व्हिडिओंत सगळ्यांचे उजवीकडेच दिसतात. आणि पेन चुकून पॅनलच्या वरच्या पट्टीला लागलं की पॅनल सुटून चित्रावर तरंगतो, त्याला काय करावं?

फ्लेक्स_नाशिकरोड

सर, माझं फ्लेक्स-पत्रिकांचं दुकान आहे. आम्ही कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवाले, तरी डॉकरचं, म्हणजे पॅनलचं, दुखणं तेच. लग्नसराईत एका दिवसात पंधरा-वीस कामं हातावेगळी करायची असतात, तेव्हा पॅनल शोधायला वेळ नसतो. मी सगळे डॉकर उजव्या कडेला एकाच जागी टॅब करून ठेवतो आणि लागेल तो बटणाने उघडतो. ऑल्ट-एंटर दाबलं की प्रॉपर्टीजचा डॉकर समोर. कारागिराने मांडणी पारच विस्कटली तर एफ-८ दाबून धरून कोरल सुरू करतो, म्हणजे ते पुन्हा कंपनीच्या मूळ मांडणीवर येतं. क्रिटात याची बटणं कोणती, ते जाणकारांनी सांगावं.

रेषा_आणि_रंग

सर, मीही डावखुरी. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं क्रिटातच करते. जरा सविस्तर लिहिते, कारण दीड तासाचं काम गेलेलं वाचून वाईट वाटलं.

आधी उंचीचं. प्रत्येक पॅनलला एक किमान उंची असते, त्याहून तो लहान होत नाही. एका रांगेत पाच पॅनल ठेवले की पाचही उंच्यांची बेरीज होते आणि ती ७६८ मध्ये मावली नाही तर खिडकीच वाढते. म्हणून रांगेतले पॅनल कमी करणं किंवा टॅब करणं हाच उपाय. टॅब करणं चूक नव्हतं, मागे गेलेला पॅनल चुकीचा होता.

मी पॅनलचे दोन भाग करते : जे डोळ्याला सतत दिसायला हवेत ते, आणि जे फक्त हाताला लागतात ते. लेयर्स डोळ्याचा. आपण कुठल्या लेयरवर आहोत हे रंगवता रंगवता नुसत्या नजरेने कळायला हवं, त्यामुळे तो कशाच्याच मागे जाता कामा नये. ब्रशचं तसं नाही. ब्रश निवडला की त्या पॅनलचं काम संपलं, तो बंदच करा. एफ-६ दाबलं की ब्रशची यादी वर येते. चित्रावर राइट क्लिक केलं (पेनचं एक बटण बहुधा त्यालाच लावलेलं असतं) की गोल पॅलेट उघडतं. त्यात तुमचे आवडते ब्रश आणि रंगाचं चक्र दोन्ही असतात, पेन आहे तिथेच. आधीच्या ब्रशवर परत जायला तिरपी रेघ, म्हणजे स्लॅशचं बटण.

टूल ऑप्शन्स पॅनलमधून काढून वरच्या टूलबारमध्ये टाका. सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, जनरल, तिथे टूल्सच्या टॅबमध्ये ती निवड आहे. नंतर क्रिटा बंद करून पुन्हा उघडावं लागतं. ओव्हरव्ह्यू रंगाच्या मागे टॅब करा. उरले दोनच : वर रंग, खाली लेयर्स. लेयर्सला भरपूर उंची द्या.

पॅनल सुटतो त्याचं : सुटलेल्याच्या वरच्या पट्टीवर डबल क्लिक केलं की तो जागेवर जातो. मांडणी मनासारखी झाली की सेटिंग्ज मेनूमधलं शो डॉकर टायटलबार्स बंद करा. पट्टीच दिसली नाही तर पेन लागणार कुठे? थोडी उंचीही वाचते.

शेवटी विंडो, वर्कस्पेस, न्यू वर्कस्पेस इथे जाऊन मांडणी नाव देऊन जपून ठेवा. पुढे काहीही विस्कटलं तरी तिथून एका क्लिकवर परत मिळते. आधी हे करा, मग प्रयोग करा.

स्क्रीनटॅब_कॉलेजरोड

एक भर. डावखुऱ्यांनी पॅनल डावीकडे आणू नयेत असं मला वाटतं. हात डावीकडून येतो, पॅनल मनगटाखाली झाकले जातात. मी उजव्या हाताचा, म्हणून माझे सगळे डावीकडे आहेत आणि खूप सोपं जातं.

रेषा_आणि_रंग

ते स्क्रीनच्या टॅबलेटवर अगदी खरं आहे. सरांचा बिनस्क्रीनचा आहे, हात टेबलावर आणि नजर लॅपटॉपवर, झाकलं काहीच जात नाही. तिथे प्रश्न अंतराचा. सहा इंचांत अख्खी स्क्रीन बसलेली, म्हणजे मधून कडेला जायला तीन इंच. डावा हात डावीकडे मनगटावरच वळतो, उजव्या कडेला जायला कोपर हलवावं लागतं. म्हणून सर, रंग डावीकडे घ्या, कारण तिथे पेन सारखं जातं. लेयर्स उजवीकडेच राहू द्या, तिथे बहुतेकदा नजरच जाते. टूलबॉक्स, म्हणजे टूल्सच्या चिन्हांची पट्टी, हाही पॅनलच आहे, ओढून हलवता येतो आणि त्यावर राइट क्लिक करून चिन्हं लहान करता येतात. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये डावखुऱ्यांची सोय असेल तर तीही चालू करा, म्हणजे टॅबलेट उलटा फिरवून बटणं उजव्या हाताशी येतील.

गोदाकाठ_जलरंग

दोन संध्याकाळी बसून सगळं केलं. रंग डावीकडे, त्यामागे ओव्हरव्ह्यू. लेयर्स उजवीकडे, एकटा, पूर्ण उंचीचा. खिडकी स्क्रीनमध्ये नीट बसली. पट्ट्या बंद केल्या, तेव्हापासून पॅनल एकदाही सुटलेला नाही.

कोपराचं तुमचं म्हणणं लगेच पटलं. कागदावर काम करताना रंगांची पेटी माझ्या डाव्या हाताशीच असते, पाण्याचा डबाही तिथेच. इथे मात्र व्हिडिओत पाहिलं तसं पेटी पलीकडे ठेवून बसलो होतो.

वर्कस्पेस दोन केले. ‘रेखाटन’मध्ये फक्त लेयर्स, बाकी कागद मोकळा. ‘रंग’मध्ये वर लिहिलेली मांडणी. लेयर्सची नावंही आता मराठीत आणि मोठी दिली आहेत, आधी नुसतं पेंट लेयर १, २ असंच चालू होतं. नाशिकरोडवाल्या भाऊंचा एफ-८ सारखा मार्ग मी मूळ डीफॉल्ट वर्कस्पेस निवडून करून पाहिला, सगळे पॅनल परत आले.

मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढवून झालंय. आता देवळाचं पाण्यातलं हलतं प्रतिबिंब घ्यायचंय, त्याला पाचवा लेयर केला आहे.