मदत हवी आहे: भजनी बुवांचा नवा अल्बम यूट्यूबवर टाकायचाय, सिनेमाच्या चालींचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या देवगड तालुक्यात एक डबलबारीवाले (डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना) बुवा आहेत. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. सिंधुदुर्गाबाहेर त्यांना कुत्रं विचारत नाही, पण इथे त्यांची बारी लागली की टेम्पो भरून माणसं जातात. त्या टेम्पोत मी असतोच. त्यांची जुनी कॅसेट पावसाळ्यात बुरशी लागून गेली, तेव्हापासून नव्या रेकॉर्डिंगची वाट बघत होतो. ते आता झालं.

आणि काय झालंय म्हणून सांगू! पहिल्या गजराला (सगळ्यांनी मिळून म्हणायच्या भजनाला) झांज-चकवा ही टाळवाद्यं गप्प. नुसती पेटी आणि हलक्या हाताचा पखवाज. बुवा आलाप घेतात, आपण आता सुरू होईल म्हणून बसलेलो, आणि कोरस एकदम अंगावर येतो. पखवाजाच्या धुमाला (डाव्या तोंडाला) कणीक ताजी लावलेली असणार, घुमारा इअरफोनवरसुद्धा छातीत बसतो. गवळणीत वरच्या पट्टीत बुवांचा आवाज किंचित फाटतो. स्टुडिओवाला म्हणाला परत घेऊया, बुवा म्हणाले ऱ्हवांदे. बरं झालं! (समोरच्या बुवांना टोमणे मारण्यापेक्षा बुवा गवळणीतच जास्त खुलतात असं माझं मत आहे. मंडळात हे बोललं की भांडण होतं.)

आता अडचण. अल्बम पेनड्राइव्हवर जत्रेत विकला जातोय आणि मुंबईचे चाकरमानी गणपतीआधी यूट्यूबवर टाका म्हणून मागे लागलेत. बुवांनी ते काम माझ्या गळ्यात घातलंय. तुकोबांचे अभंग आणि गवळणी आहेत, त्यांच्या चाली बुवांच्याच. पण दोन गजर जुन्या हिंदी सिनेगीतांच्या चालीवर आहेत, शब्द बुवांचे. देवळात इतकी वर्षं गातोय, कोणी हटकलं नाही. यूट्यूबवर चालेल का? चॅनल बंद पडलं तर बुवांना तोंड दाखवता येणार नाही.

प्रतिसाद १
देवळातलं आणि यूट्यूबवरचं एक नव्हे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये धार्मिक विधीतल्या प्रत्यक्ष गायनाला सूट आहे, रेकॉर्डिंग करून विकायला नाही. अभंगाच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. सिनेमाची चाल मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते, आणि शब्द बदलले तरी चाल त्यांचीच. कव्हर व्हर्जनसाठी (जुनं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी) कलम ३१ सी आहे, पण त्यात मूळ रचनेत बदल चालत नाही, म्हणजे तुमच्या गजरांना ते लागू होणं कठीण. म्युझिक कंपनीची लेखी परवानगी हाच रस्ता. पेनड्राइव्हलाही हेच लागू, हे बुवांच्या कानावर घाला.

प्रतिसाद २
चॅनलचं इतकं भय नको. कंटेंट आयडी क्लेम (यूट्यूबने आपोआप ओळखलेला दुसऱ्याचा हक्क) आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात. स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्याची नोंद) वेगळा. ९० दिवसांत तीन आले तर चॅनल जाऊ शकतं.

प्रतिसाद ३
ता सगळा ऱ्हवांदे, बुवा खंयचे ता सांगा मरे! पेनड्राइव्ह कुडाळात गावता काय?

धागाकर्ता
आभार. काल बुवांकडे जाऊन सगळं वाचून दाखवलं. आधी थोडे गरम झाले, मग पेटी ओढली आणि एका गजराला स्वतःची चाल लावून बघायला लागले. दुसऱ्याचं काही जमलं नाही, तो वगळून बाकी अल्बम चढवणार. परवानगी मागायची तर मोठ्या कंपन्या असल्या छोट्या माणसाला उत्तर देतात का? कोणी पत्र पाठवलं असेल तर मजकूर इथे डकवा.

कुडाळवाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.