मॉड्यूल 'टाकलं' म्हणावं की 'बसवलं'?

प्रश्न – हिंगणघाटकडे एका जिनिंगमध्ये कापसाच्या आवकीचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवून राहिलो, स्क्रिप्टा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या आहेत, लिनक्सवर चालतात. माझ्यानंतर काम पाहणाऱ्या पोरासाठी मराठीत टिपा लिहून ठेवतो आहे. पर्लचं मॉड्यूल, म्हणजे जोडायचा तयार कोड, इन्स्टॉल करण्याले काय लिहू? स्थापना म्हटलं की आपल्याकडे गणपती नाहीतर घट, ते नको वाटते.

– 'टाकणे' लिही भाऊ. खत टाकतो, मोबाइलमधी गाणे टाकतो, कोणाले समजावून सांगा लागत नाही.

– मले नाही पटत. विहिरीवर मोटर नेऊन टाकली म्हणजे पाणी येत नाही, ते बसवा लागते. आटे जुळले नाही तं नट बसत नाही, कितीही पाना फिरवा. डीबीडी-पीजी या मॉड्यूलचं नेमकं असंच आहे, डीबीआय हा पर्लमधून सगळ्या डेटाबेससाठी एकच दरवाजा, टिम बन्सनं १९९४ मध्ये सुरू केलेला, अन् पोस्टग्रेसशी बोलणारा ड्रायव्हर म्हणजे हे डीबीडी-पीजी, त्याचा काही भाग सी भाषेत आहे म्हणून ते तुमच्याच मशीनवर कंपाइल होते, म्हणजे मशीनले चालवता येईल असं बनवलं जाते. मी सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारातून घ्याले गेलो तं त्यानं 'पाथ टू पीजी_कॉन्फिग?' म्हणजे पोस्टग्रेसच्या फायली कुठं आहेत ते सांगणारा प्रोग्राम कुठं आहे, असं विचारलं अन् मी तिथंच अडकलो, मले वाटे पोस्टग्रेस तं चालू आहे मंग हे काय मागून राहिलं. सर्व्हर असणं वेगळं, कंपाइलले लागणाऱ्या हेडर फायली असणं वेगळं. पॅकेज आणणाऱ्या एपीटी कमांडनं लिबपीक्यू-डेव्ह हे त्या फायलींचं पॅकेज आणलं, मंग मेक, मेक टेस्ट, मेक इन्स्टॉल या बनवण्या-तपासण्या-बसवण्याच्या कमांडा दिल्या, अन् बसलं! डेबियन-उबंटूवर लिबडीबीडी-पीजी-पर्ल हे तयार पॅकेज घेतलं तं कंपाइलची भानगडच नाही, त्याले टाकलं म्हणा खुशाल.

– यात एक राहून गेलं. स्क्रिप्ट चालवताना 'इन्स्टॉल_ड्रायव्हर फेल्ड' असा एरर येतो, तिथला इन्स्टॉल डिस्कवरचा नाहीच, चालू प्रोग्रामात ड्रायव्हर लोड करण्याचा आहे. त्याले मी 'जुंपणे' म्हणतो. बैल गोठ्यात असला तरी वखराले जुंपा लागतोच ना. त्याच ओळीत पुढं 'कान्ट लोकेट' दिसलं तं बैल गोठ्यातच नाही समजा, म्हणजे मॉड्यूल बसवलेलंच नाही, नाहीतर पर्ल पाहते त्या फोल्डरात नाही.

– हे जुंपणे लय आवडलं. टिपेत असं लिहिलं आता: "आधी लिबपीक्यू-डेव्ह टाक, मग डीबीडी-पीजी बसव, स्क्रिप्टनं ते जुंपलं नाही तर एररची पूर्ण ओळ वाच."