'शॅम सर्जरी'ला मराठीत काय म्हणाल?

गवतीचहा
गुडघ्यांच्या झिजेवरच्या संशोधनावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडकलेय. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मोझली आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००२ साली छापून आला. झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रुग्ण, तीन गट. एका गटाचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्याच्या कातडीला तीन चिरा देऊन टाके घातले, बस्स. दुर्बीण आत गेलीच नाही. पण सर्जन अवजारं मागत होता, पाय हलवत होता, धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीही उडवत होता! दोन वर्षं पाहिलं तरी साफ केलेले आणि धुतलेले गुडघे या तिसऱ्यांपेक्षा काही बरे निघाले नाहीत.
मी लिहिलं 'लुटुपुटूची शस्त्रक्रिया'. संपादकांनी 'बनावट' केलं. वाचून वाटतं, आता पोलीस येणार.

अर्धविराम
बनावट नकोच. पण लुटुपुटूच्या लढाईत दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की खोटं आहे. इथे रुग्णाला कुठे ठाऊक? 'मिथ्या शस्त्रक्रिया' म्हणा.

खलबत्ता
मिथ्या म्हटलं की पुढे जग आणि माया आलीच. आपल्याकडे सरळ 'लटकं' आहे ना! लटका राग, तशी लटकी शस्त्रक्रिया. माझ्या मते लुटुपुटू हे लटक्याचंच पोर.

अर्धविराम
पुरावा?

खलबत्ता
कान.

पेशवाई_पगडी
'तोतया' कसा वाटतो? भाऊसाहेबांचा तोतया पानपतानंतर इतकी वर्षं लोकांना खरा वाटला, तशीच ही. दिसायला हुबेहूब, आत काही नाही.

गवतीचहा
तोतया भारी आहे, पण त्याचं पुढे काय झालं ते वाचकांना आठवलं तर? आणि अर्धविराम, इथल्या रुग्णांना अर्धं ठाऊक होतं. आपल्या वाट्याला नुसत्या चिरा येऊ शकतात, त्याने दुखणं बरं होणार नाही, असं प्रत्येकाने केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. आपण कुठल्या गटात, एवढंच माहीत नव्हतं.

अर्धविराम
मग लुटुपुटू अर्धं चालेल.

टोंगळा_नागपूर
विषय निघालाच आहे तर, आमच्या आईच्या दोन्ही वाट्या बदलल्या. डॉक्टर म्हणाले, वाटी तिचीच आहे. मांडीच्या आणि नळीच्या हाडांची टोकं कापून धातू बसवला, मध्ये प्लास्टिकची चकती. मग सगळा गाव 'वाटी बदलली' का म्हणतो?

खलबत्ता
कारण हाताला वाटीच लागते. लॅटिनमध्येही तिला पटेला म्हणतात, म्हणजे छोटं पसरट ताटलीसारखं भांडं. अख्ख्या जगाला गुडघ्यात भांडीच दिसली.

अर्धविराम
वाटी तरी परवडली. पेपरवाले 'गुडघा प्रत्यारोपण' छापतात ते जास्त खटकतं. प्रत्यारोपण मूत्रपिंडाचं, एकाचं काढून दुसऱ्याला. इथे कोणी गुडघा दान केलाय का? 'सांधेबदल' म्हणा.

पेशवाई_पगडी
सांधेबदल ऐकून रेल्वे रूळ बदलतेय असं वाटतं.

टोंगळा_नागपूर
आई तर 'टोंगळे नवे केले' म्हणते. जिना उतरताना पूर्वी कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरायची, आता सरळ उतरते. तिला शब्दाचं काही पडलेलं नाही.

मालवणी_मसालो
टोंगळा कसला, ढोपर म्हणा. आमच्याकडे आज्येचा ढोपर पावसात दुखता.

अर्धविराम
ढोपर म्हणजे हाताचं कोपर ना?

मालवणी_मसालो
कोपर वेगळा, ढोपर वेगळा. ढोपरभर पाणी म्हणतत ता काय हातान मोजतत?

पेशवाई_पगडी
पण 'मऊ लागलं म्हणून ढोपराने खणू नये' असं माझी आजी म्हणायची. गुडघ्याने कोण खणतं?

खलबत्ता
म्हण 'कोपराने खणू नये' अशी आहे. आजीचं चुकलं.

पेशवाई_पगडी
आजीवर जायचं नाही.

गवतीचहा
मंडळी, सहाला मजकूर द्यायचाय. तूर्त 'लुटुपुटूची' ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'नुसत्या चिरांची' लिहिते.

मालवणी_मसालो
ठेवा. पण लेखात गुडघो खय आणि ढोपर खय, ता आधी ठरवा.