शब्दचर्चा: गाडीतला सराउंड साउंड ‘कॅलिब्रेट’ करणे – मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (जळगाव)

गाड्यांच्या म्युझिक सिस्टिम बसवणं आणि त्यांचा आवाज लावून देणं हे माझं रोजचं काम. आधी आपल्या भागात चार स्पीकर आणि डिकीत एक सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) म्हणजे चैन समजली जायची. आता कंपनीतूनच भरलेल्या गाड्या येतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही 700च्या वरच्या मॉडेलात सोनीचे बारा स्पीकर, बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई मध्ये हरमन कार्डनचे सोळा आणि वर डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे आवाज सगळीकडून आल्याचा भास देणारं तंत्र. त्यांच्याबरोबर ‘कॅलिब्रेशन’ हा शब्दही आला आणि दुकानात काम शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी बसला.

अडचण अशी की पोरं हा एकच शब्द भलत्या-भलत्या कामांना वापरतात. मोजायचा माइक खरा बोलतोय का ते तपासणं म्हणजे कॅलिब्रेट. मागचा स्पीकर दोन डेसिबेल उतरवणं म्हणजेही कॅलिब्रेट. गिऱ्हाइकाला बेस कमी वाटला म्हणून चढवून दिला, तरी कॅलिब्रेट. ‘काय केलंस?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, आणि नेमकं काय केलं ते मला पुन्हा मशीन लावून शोधावं लागतं. वेगळ्या कामाला वेगळा शब्द मिळाला तर शिकवणं सोपं होईल, म्हणून विचारतोय. पाठ्यपुस्तकी वळणाचा ‘अंशशोधन’ हा शब्द मला माहीत आहे. तो चालेल का, की आपल्या बोलण्यात याहून बरं काही आहे?

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, अंशशोधन चांगला शब्द आहे, पण जागा बघून वापरा. एखाद्या उपकरणावरच्या खुणा खऱ्या मापाशी ताडून बघायच्या, हा त्याचा अर्थ. थर्मामीटर, वजनकाटा, दाबमापक यांना तो शोभतो. तुमच्या माइकलाही शोभेल. स्पीकर काही मोजत नाही, तो वाजतो. त्याचे अंश कसले शोधणार?

आणखी एक नोंद. वजनमापांच्या बाबतीत सरकारी मराठीत ‘पडताळणी व मुद्रांकन’ असं म्हणतात. वैधमापनवाले दुकानातला काटा तपासतात ती पडताळणी. हा शब्द सोपा आहे आणि पोरांच्या ओळखीचाही.

उत्तर (जळगाव)

पटलं. माइकचं काम खरंच तसंच आहे. त्याच्या तोंडावर एक छोटं यंत्र बसवतात, ते 1000 हर्ट्झचा सूर ठरलेल्या 94 डेसिबेलवर वाजवतं. माइकने 94 दाखवले तर ठीक, 92 दाखवले तर दोनचा फरक खात्यात धरायचा. इथे ‘अंशशोधन’ किंवा नुसतं ‘माइकची पडताळणी’ दोन्ही बसतात. म्हणजे एक काम मार्गी लागलं.

प्रतिसाद (अमळनेर)

मी गाणं शिकवते, गाडीतलं तंत्र मला कळत नाही. पण वाद्यांसाठी आपल्याकडे शब्द भरपूर आहेत. तंबोरा लावतात किंवा जुळवतात, तबला मिळवतात. यांपैकी काही घ्या ना.

फक्त ‘मिळवणे’ वापरताना जपा. ‘तबला मिळवला’ म्हटलं की बैठकीतल्या माणसाला लगेच कळतं. ‘गाडीचा आवाज मिळवला’ म्हटलं तर तो कुठून आणला, असं ऐकणारा विचारेल. ‘जुळवणे’ निर्धोक आहे. त्यात एकाला दुसऱ्याशी जमवून घेण्याचा अर्थ आहे, आणि तुमच्याकडे तर बारा-बारा स्पीकर एकमेकांशी जमवायचे असतात. तेव्हा ‘आवाजाची जुळवणी’.

उत्तर (जळगाव)

ताई, ‘जुळवणी’ मनापासून आवडला. तुमच्या क्षेत्रातला दुसरा एक शब्द मी आधीच वापरायला लागलोय, तो म्हणजे ‘सप्तक’. आमच्या इंग्रजी पुस्तकांतला ‘ऑक्टेव्ह’ म्हणजे तुमचं सप्तकच. मध्य सा पासून तार सा, कंपनसंख्या दुप्पट. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतं, म्हणजे जवळपास दहा सप्तकं. सबवूफर आणि दारातला स्पीकर यांची हद्द 80 हर्ट्झला ठेवली आणि उतार 24 ठेवला, तर ‘सप्तकामागे 24 डेसिबेल’ असं सांगतो. 80 च्या खाली 40 पर्यंत जाईतो दारातल्या स्पीकरचा आवाज 24 डेसिबेलने पडलेला असतो. पेटीवर सा ते सा दाखवला की पोरांना उतार म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागत नाही.

बेसला ‘खर्ज’ म्हणायला लागलो तेव्हा एकदोघं हसले. आता दुकानात तोच चालतो.

प्रतिसाद (भुसावळ)

‘टाइम अलाइनमेंट’ला काय म्हणणार? तुमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग तो आहे असं ऐकलंय.

आणि जाता जाता एक शंका. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात असतो. तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने जातो म्हणतात. मग थंडीत लावलेला टाइम उन्हाळ्यात बदलावा लागतो का?

उत्तर (जळगाव)

आधी काम काय ते सांगतो, म्हणजे शब्द शोधणं सोपं जाईल.

आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून समजा 85 सेंटीमीटरवर आहे आणि डाव्या दारातला 140 वर. फरक 55 सेंटीमीटरचा. 20 अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला 34.3 सेंटीमीटर. डावा आवाज तब्बल 1.6 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या उशिराने आपल्याला दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, पण कान फसतो. जो आवाज आधी पोचतो त्याच बाजूला सगळं गाणं आहे असं त्याला वाटतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949च्या प्रबंधात याचा अभ्यास केला, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. गाडीत त्याचा अनुभव असा येतो की गायिका डॅशबोर्डच्या मध्यावर उभी राहून गायला हवी, ती उजव्या दाराच्या जाळीतून गाते.

गिऱ्हाईक मग स्क्रीनवर बॅलन्स डावीकडे सरकवतं. त्याने उजवा आवाज लहान होतो, पण आधी पोचायचा तो आधीच पोचतो. दुखणं पुरतं जात नाही, वर गाण्याची एक बाजू बारीक होऊन बसते. खरा इलाज म्हणजे उजव्या स्पीकरला 1.6 मिलिसेकंद थोपवून धरायचं, म्हणजे दोघं एकदमच कानाशी येतात. लांबच्याला लवकर पाठवता येत नाही, जवळच्यालाच थांबवावं लागतं.

यासाठी मला ‘पासंग’ हा शब्द सुचतो. तराजूची दोन पारडी मुळात सारखी नसली तर हलक्या पारड्यात छोटंसं वजन घालून काटा मध्यावर आणतात, तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे आपण रोज बोलतो, मूळ वस्तू मात्र विसरत चाललो आहोत. स्पीकरला दिलेला थांबा म्हणजे नेमका पासंगच. मालात काही बदल नाही, फक्त बसण्याच्या जागेमुळे आलेली विषमता भरून काढायची. ‘उजव्याला दीड मिलिचा पासंग दे’ हे वाक्य पोरांना एका दमात कळेल असं वाटतं.

आता उन्हाळ्याचं. 45 अंशाला वेग सेकंदाला साधारण 358 मीटर होतो. तोच 55 सेंटीमीटरचा फरक 1.6 ऐवजी 1.54 मिलिसेकंदांचा होतो. डोकं अडीच सेंटीमीटर इकडचं तिकडे झालं तरी एवढा फरक पडतो. म्हणजे भुसावळच्या उन्हासाठी पासंग बदलायची गरज नाही, निश्चिंत राहा. उन्हाचा खरा त्रास मोजताना होतो. गाडी बंद आणि काचा बंद हव्यात, आणि एसीच्या पंख्याची घरघर खर्जात मिसळते म्हणून तोही बंद हवा. मे महिन्यात दुपारी तसं दहा मिनिटं बसणं शक्य नाही. आम्ही पहाटे मोजतो.

प्रतिसाद (जळगाव, सराफ बाजार)

पासंग आला म्हणून आमच्या पेठेतला दुसरा शब्द सुचवतो, ‘धडा’. भांड्याचं वजन मालात धरलं जाऊ नये म्हणून समोरच्या पारड्यात तेवढंच वजन घालतात, त्याला धडा करणं म्हणतात. तुम्ही एसीची घरघर आधी मोजून नंतर वजा करत असाल तर त्याला धडा करा म्हणा.

उत्तर (जळगाव)

दादा, शब्द सुंदर आहे, पण मी तो घेणार नाही, आणि कारण सांगतो. धड्यात सरळ वजाबाकी आहे. डेसिबेलची अशी वजाबाकी होत नाही. 60 डेसिबेलची घरघर आणि तिच्यावर 60 डेसिबेलची दुसरी घरघर मिळून 63 होतात, 120 नाही. ‘धडा कर’ म्हटलं तर पोरगा 75 मधून 60 वजा करून 15 लिहील. शब्दाने चुकीचं गणित शिकवलं तर तो कितीही आपला असला तरी बाजूला ठेवावा.

प्रतिसाद (धुळे)

आमच्या ग्यारेजात गिऱ्हाईक अहिराणीत सांगतं, ‘भाऊ, आवाज मझार घुमी ऱ्हायना’, म्हणजे आवाज आत घुमतोय. दुसरा म्हणतो आवाज फाटतोय, तिसरा म्हणतो फुटतोय. हे सगळे एकच का? आणि घुमणं म्हणजे इको ना?

उत्तर (जळगाव)

एकच नाहीत, आणि मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. या बोलण्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

‘फाटतो’ म्हणजे ॲम्प्लिफायरला झेपेना. आवाज एका मर्यादेपलीकडे चढवला की लहरींचे शेंडे सपाट कापले जातात आणि गाणं चरचरीत होतं. याचं मूळ बहुतेक वेळा ‘गेन’च्या बटणात असतं. गेन म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण असा समज आहे, तो चूक. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालायला ते असतं. एकदा बसवायचं आणि हात लावायचा नाही. ‘फुटला’ हे आवाजापेक्षा स्पीकरला लागू: पडदा फाटला किंवा कॉइल जळली. ‘खडखडतो’ म्हणजे स्पीकर बरा आहे, दाराचा पत्रा किंवा प्लास्टिकची क्लिप सैल आहे. हात लावून दाबलं आणि थांबलं तर नक्की तेच. तिथे जुळवणी करून उपयोग नाही, दार उघडून आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारा थर, लावावी लागते.

राहिलं ‘घुमणं’. हे प्रतिध्वनी नव्हे. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मूळ आवाजानंतर निदान 0.1 सेकंद जावा लागतो, म्हणून समोरची भिंत 17 मीटरच्या पुढे हवी, हे नववीच्या विज्ञानात सगळ्यांनी वाचलंय. गाडीत काच हातभर अंतरावर असते. मोठ्या सभागृहात रेंगाळतो तो निनाद, तोही एवढ्याशा जागेत जवळजवळ नसतो. गाडीत घुमतो तो खर्ज. गाडीच्या आतली लांबी अडीच-तीन मीटर असते आणि 60 हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेसहा मीटर. अर्धी लहरसुद्धा जेमतेम मावते. त्याहून खालचे सूर मग आतली सगळी हवा एकदम दाबतात आणि सोडतात, त्यामुळे ते फुगून ऐकू येतात. कानाला दडा बसल्यासारखं होतं ते याच्यामुळे. ‘घुमी ऱ्हायना’ हे अगदी खरं निदान आहे. अशा वेळी आम्ही खालचं सप्तक उतरवतो. मात्र सगळंच काढत नाही, कारण महामार्गावर टायरची घरघर नेमका खर्जच झाकते. उभ्या गाडीत थोडा चढा वाटणारा खर्ज धुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर बरोबर होतो.

प्रतिसाद (चोपडा)

मूळ शीर्षकातला ‘सराउंड’ तसाच राहिला. ‘चौफेर’?

उत्तर (जळगाव)

‘चौफेर आवाज’ बोलायला छान आहे, पण त्यातून चारही बाजूंनी सारखाच जोर असा अर्थ निघतो, आणि गिऱ्हाईक तेच मागतं. सराउंडमध्ये मागचे स्पीकर मागे आहेत हे जाणवताच कामा नये. गायक पुढे, वाद्यं पुढे, मागून फक्त जागेचा भास. मागचे बंद केले की काहीतरी गेलं असं वाटावं, सुरू असताना त्यांच्याकडे लक्षही जाऊ नये. मी ‘भोवतालचा आवाज’ म्हणतो. आणि नुसते चार स्पीकर म्हणजे सराउंड नव्हे हेही पोरांना सांगावं लागतं. पुढच्या डाव्या-उजव्यालाच मागे जोडलं तर तो स्टिरिओच, फक्त दोनदा वाजणारा.

प्रतिसाद (नंदुरबार)

ही ‘भोवतालची जुळवणी’ पुढच्या दोन्ही सीटला एकदम बरोबर लावता येते का? आणि सबवूफरवर 0 आणि 180 असं एक बटण असतं, दुकानदार त्याला ‘फेज’ म्हणतो. शाळेत फेजला ‘कला’ शिकलो होतो. ते इथे बसतं का?

उत्तर (जळगाव)

पासंग एकाच सीटचा असतो. चालवणाऱ्यासाठी लावला की शेजारच्याचं दुप्पट बिघडतं. त्याचा जवळचा स्पीकर डावा, आणि आपण थोपवलेला असतो उजवा. काही सिस्टिममध्ये ‘ड्रायव्हर’ आणि ‘सगळे’ असे दोन पर्याय असतात, ‘सगळे’मध्ये पासंग काढून टाकतात किंवा मधला काढतात. घरच्यांना घेऊन निघालात तर तो लावा.

‘कला’ पुस्तकात बरोबर आहे, पण दुकानात बोललं तर ऐकणारा नाच-गाण्याकडे जाईल. त्या बटणासाठी मी ‘सुलट’ आणि ‘उलट’ एवढंच म्हणतो. पडदा पुढे यायचा तेव्हा पुढे येतो तो सुलट. दारातल्या स्पीकरच्या वायरी नीट लागल्या का ते बघायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवतात. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो, नाहीतर आत जातो. ट्वीटरला (वरच्या, बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरला) मात्र हे करू नका. सबवूफरसाठी 80 हर्ट्झच्या आसपासचा सूर लावा, सीटवर बसा आणि दुसऱ्याला बटण इकडून तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला खर्ज भरून येतो आणि डिकीऐवजी पुढून आल्यासारखा वाटतो, ती बाजू ठेवा.