मदत हवी आहे: फ्रॅक्टल चित्रांतून मुलांना गणिताची गोडी कशी लावू?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीत २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सातवी ते नववीच्या मुलांसाठी फ्रॅक्टल चित्रांचं, म्हणजे लहान भागातही मोठ्यासारखाच आकार पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चित्रांचं, प्रदर्शन करायचं मनात आहे.

सुरुवात रांगोळीने. २७ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण, प्रत्येक बाजूच्या मधल्या तिसऱ्या भागावर बाहेरून छोटा त्रिकोण, मधली रेघ पुसायची, पुन्हा तेच. परिमिती ८१ वरून १०८, मग १४४, मग १९२ सेंमी! ती वाढतच राहते, क्षेत्रफळ मात्र मूळच्या १.६ पटीपुढे कधीच जात नाही. मुलांनी हे स्वतः मोजावं, नुसतं बघून पुढे जाऊ नये, असं मला फार वाटतं.

अडतंय मँडेलब्रॉट संचापाशी. वर्ग करा, ठरलेली संख्या मिळवा, पुन्हा वर्ग करा; ज्या ठरलेल्या संख्येने उत्तर सुसाट वाढत सुटत नाही, ती या संचात. शून्यापासून निघून १ मिळवत गेलं तर १, २, ५, २६ असं सुसाट सुटतं. उणे १ घेतला तर उणे १ आणि ० यांतच घुटमळतं. इथवर ठीक. पण संमिश्र संख्या (उणे १ चं वर्गमूळ घेऊन बनणाऱ्या) माहीत नसलेल्या आठवीच्या मुलाला यातून चित्र कसं उमटतं हे मराठीत कुणी समजावलंय का? जुन्या लॅपटॉपवर चालेल असं फुकट सॉफ्टवेअरही सुचवा. आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मोठे रंगीत प्रिंट स्वस्तात कुठे मिळतील?